पीक फ्लो मीटर आणि जेवणाची वही : आठ महिने वापरल्यानंतर

जानेवारीत दादरच्या एका औषधाच्या दुकानातून दम्यासाठी साडेसहाशे रुपयांना पीक फ्लो मीटर घेतला. वीतभर लांबीची प्लास्टिकची नळी, एका टोकाला तोंडात धरायचा भाग, अंगावर 60 ते 800 आकडे आणि सरकणारा लाल काटा. जोरात फुंकलं की काटा पुढे सरकतो आणि मिनिटाला किती लिटर वेगाने हवा बाहेर पडली ते कळतं. सोबत दोनशे पानी वही. डाव्या पानावर आकडे, उजव्या पानावर काय खाल्लं आणि किती वाजता.

मी 47 वर्षांची आहे, कांजूरमार्गला राहते, नोकरी फोर्टला. दमा तिशीत लागला. त्यानंतर जो भेटेल त्याने एकेक पदार्थ काढून घेतला. दही, केळं, पेरू, चिंच, रात्रीचा भात. अकरा वर्षं मी दह्याला हात लावला नव्हता आणि तरी धाप लागायचीच. छातीच्या डॉक्टर बाईंना विचारलं, आणखी काय बंद करू? त्या म्हणाल्या, "आधी मोजा, मग बंद करा." मोठ्या माणसांत अन्नाच्या ॲलर्जीमुळे दमा उसळणं तसं कमीच असतं. जगभरचे डॉक्टर दम्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं मानतात, त्यांतही ॲलर्जी किंवा त्रास नक्की सिद्ध झाल्याशिवाय पदार्थ तोडू नका असंच म्हटलंय, हे त्यांनी सांगितलं.

वापरायची पद्धत सोपी, पण शिस्तीची. उभं राहायचं, काटा खाली आणायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एकाच दमात जोरात फुंकायचं. असं तीनदा, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा दम्याचा पंप, म्हणजे इनहेलर, घ्यायच्या आधी. माझा पहिला महिना वाया गेला, कारण मी कधी पंपानंतर मोजायचे, कधी पलंगावर बसून. ती पानं सरळ फाडली. तब्येत बरी असताना दोन आठवड्यांत आलेला माझा सर्वांत चांगला आकडा 380. त्याच्या ऐंशी टक्के म्हणजे 304च्या वर हिरवा पट्टा, निम्म्याच्या म्हणजे 190च्या खाली लाल, मधला पिवळा. सोबतच्या कागदावर सरासरी आकड्यांचा तक्ता होता, तोही फक्त इंग्रजीत. त्यापेक्षा स्वतःचा आकडा कामाचा.

एप्रिलमध्ये दह्याची पाळी आली. दोन आठवडे रोज दुपारी वाटीभर, दोन आठवडे बंद, पुन्हा दोन आठवडे सुरू असं ठरलं होतं. पहिल्या रविवारी सासूबाईंनी दहीभात कुस्करला आणि वरून सांडगी मिरचीची फोडणी घातली. मी स्वयंपाकघराच्या दारातच ताट घेऊन उभी होते. दुसरा घास पोटात जाईपर्यंत खोकल्याची उबळ आली. अर्ध्या तासाने फुंकलं तर 290, सकाळी 355 होता. सासूबाई म्हणाल्या, "बघ, सांगत होते ना, दही तुला नाही सोसत." मलाही तेच वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं, कारण तो घास मला इतक्या वर्षांनी मिळाला होता. पण ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या डब्यात नुसता दहीभात नेला. संध्याकाळी 350. तिसऱ्या दिवशी 360. पुढच्या रविवारी दही नव्हतंच, वांग्याच्या भाजीला सुक्या मिरचीची फोडणी पडली आणि मी तिथेच होते. पुन्हा 300च्या खाली.

दही निर्दोष सुटलं! दोष तेलाच्या धुराचा आणि मिरचीच्या खकाण्याचा होता. आमचं स्वयंपाकघर म्हणजे हॉललाच लागून दहा फुटांची जागा, खिडकीला जाळी, जाळीवर वर्षानुवर्षांची चिकट काजळी. धूर जायचा कुठे? दम्याच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात, त्यांना धुराचा झोत पुरतो. सतरा वर्षं आम्ही ताटातलं शोधत होतो आणि कारण कढईतून वर चढत होतं. खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसवला. सुके बोंबील आता दार-खिडक्या उघड्या ठेवून भाजतो. मसाल्याच्या मिरच्या मे महिन्यात घरी भाजणं बंदच केलं, डंकावाल्याकडे देतो. केळ्याचीही अशीच तपासणी केली, आकडा जागचा हलला नाही. दूध प्यायल्यावर घशात दाटल्यासारखं वाटतं, पण दुधाने कफ वाढत नाही. लाळेत मिसळून ते थोडा वेळ दाट लागतं, एवढंच. मीटरही तेच सांगतो.

वहीच्या उजव्या पानावर पदार्थांपेक्षा घड्याळ जास्त बोललं. सीएसएमटीहून स्लो लोकलने घरी पोचायला साडेनऊ, जेवण दहाला, अकराच्या आत अंथरुणाला पाठ. ज्या रात्री दहानंतर जेवले, त्यानंतरच्या बहुतेक सकाळी आकडा 310च्या आसपास आणि तोंडात आंबट पाणी. पोटातलं आम्ल अन्ननलिकेत वर आलं की श्वासनलिका आकसू शकतात. पण म्हणून कुणीही आपल्या मनाने आम्लपित्ताच्या गोळ्या सुरू करू नयेत. 2009 साली अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. दमा आटोक्यात नसलेल्या, पण छातीत जळजळ फारशी नसलेल्या लोकांना या गोळ्यांचा दम्यासाठी उपयोग झाला नाही. मला जळजळ होती, तरी आधी वेळ बदलून पाहिली. आता भाकरी-भाजीचा दुसरा डबा नेते, पावणेसातला ऑफिसातच खाते आणि घरी फक्त मुगाचं कढण पिते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले. जूनपर्यंत सकाळचे आकडे 345-360वर आले.

याच काळात वजन 71वरून साडेसहासष्टवर आलं. जाड माणसाने पाच ते दहा टक्के वजन उतरवलं तरी दमा आटोक्यात राहायला मदत होते. म्हणून फरक लवकर जेवण्याने पडला की वजनाने, हे मीटर सांगू शकत नाही.

एक खरा गुन्हेगार मात्र सापडला. मेमधल्या एका लग्नात बाटलीतलं लिंबू सरबत प्यायले आणि पाच मिनिटांत छाती आवळली. दोन आठवड्यांनी दुसरीकडे पुन्हा तसंच. घरच्या तशाच सरबताच्या बाटलीवर पाहिलं तर प्रिझर्व्हेटिव्ह आयएनएस 223 (आयएनएस म्हणजे खाण्यात घालायच्या रसायनांचे क्रमांक), म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट. आंबट पेयात त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, गिळताना तो श्वासात जातो. दम्याच्या शंभर रुग्णांत साधारण तीन ते दहा जणांना हे बाधतं. 220 ते 228 हे सगळे आकडे याच घराण्यातले. चकचकीत केशरी जर्दाळू, काही वाइन आणि गोठवलेली कोळंबी यांतही ते असतं. डॉक्टर बाईंनी बजावलं की याची परीक्षा घरी पुन्हा घ्यायची नाही. मी ऐकलं. घरचं आमसुलाचं सरबत आणि बाजारातली ताजी कोळंबी मला काहीच करत नाही.

भाज्यांबद्दल मीटर गप्प आहे. 2012 साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्या दमेकऱ्यांचा दमा कमी खाणाऱ्यांपेक्षा उशिरा आणि कमी वेळा उसळला होता. तो वाचून स्टेशनबाहेरच्या मावशींकडून रोज एक जुडी घेते, माठ, चवळी, चुका जे असेल ते. माझ्या आकड्यांत फरक दिसत नाही, तरी घेत राहणार. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर 2016च्या आढाव्यात आशा होती, 2023च्या आढाव्यात ती उरली नाही. त्यामुळे दम्यासाठी म्हणून त्या घेतल्या नाहीत.

तक्रारी आहेत. मीटर मेहनतीवर चालतो. कंटाळून फुंकलं की आकडा पडतो. आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवावा लागतो, आणि पावसाळ्यात तो वाळायला दोन दिवस घेतो. नुसती जेवणाची वही फसवतेही. जुलैत दहा दिवस आकडा 300च्या खालीवर होता, मी साबुदाण्यावर संशय घेत बसले होते. कपाट पुढे ओढलं तेव्हा मागच्या भिंतीवर हाताएवढी काळी बुरशी. तेव्हापासून उजव्या पानावर "ओल, धूर, धूळ, उदबत्ती" असा आणखी एक रकाना आखला.

एक गोष्ट मी मुद्दाम करून पाहिली नव्हती, पण झाली. मार्चमध्ये गावी गेले आणि रोजचा पंप मुंबईत विसरला. सहा दिवस घरची भाकरी, ताजी भाजी, आठला जेवण, स्वच्छ हवा. सहाव्या दिवशी 285. पथ्याचं सगळं जागेवर होतं, नव्हता तो फक्त पंप. आता तो दोन वेळा न चुकता घेते आणि नंतर चूळ भरते.

190ची खूण लाल नेलपॉलिशने नळीवरच काढून ठेवली आहे. काटा तिच्या खाली गेला तर काय खाल्लं हे आठवत बसायचं नाही, धाप लागल्यावर लगेच आराम देणारा निळा पंप घ्यायचा आणि थेट इस्पितळ गाठायचं. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, सासूबाईंनाही.