मोसंबीच्या सालींचं क्लीनर: नळाला पास, ओट्याला नापास

पुण्यात आमच्या सोसायटीत दिवाळीआधी छोटं प्रदर्शन असतं, उटणं कंदील चिवडा वगैरे, त्यात यंदा एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी टेबल लावलं होतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पोरं चांगली आहेत. हॉस्टेलच्या मेसमधलं खरकटं आणि ज्यूसवाल्याकडची मोसंबीची सालं, यावर त्यांचा प्रोजेक्ट. विकायला दोनच गोष्टी, अर्धा लिटर बायोएन्झाइम (सालं आंबवून केलेलं क्लीनर) ८० रुपये आणि किलोभर खत ५० रुपये. दोन्ही घेतलं.

आधी बाटली. एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, ९० दिवस मुरवायचं आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा. एकदा विसरले तर झाकण उडालं म्हणे, रूमच्या छताला डाग अजून आहे. वास आंबूस, पण वाळला की जातो. आमच्याकडे बोअरचं पाणी, नळांवर पांढरा थर बसलेला, त्यावर हे न मिसळता लावलं, अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासलं तर नळ चकाचक, बाजारातल्या लिक्विडसारखं डोळ्यात पाणी नाही की खोकला नाही.

मग मी शहाणपणा केला. तेच फडक्यावर घेऊन ओटा पुसला. ओटा कडप्प्याचा!! सकाळी बघते तर हातभर जागा पांढुरकी, तेल चोळलं तरी जात नाही. कडप्पा म्हणजे चुनखडीच, आंबट त्याला खातं, लिंबू सांडलं तरी तेच होतं, हे मला कळायला हवं होतं पण लेबलवर एक ओळ नको का? बाटलीवरच्या नंबरवर फोन केला तर मुलगा म्हणतो, "सॉरी काकू, आमच्या हॉस्टेलला ओटाच नाहीये, टेस्ट कशावर करणार." काय बोलणार यावर. पण पुढच्या रविवारी स्वतः येऊन नवीन स्टिकर देऊन गेला, कडप्पा आणि संगमरवरावर वापरू नये.

खत बरं आहे. काळं, भुसभुशीत, पावसाळी मातीचा वास. शिजलेल्या अन्नात तेल-मीठ असतं, नुसतं टाकलं की घाण मारतं, म्हणून रस्सा गाळून भरपूर वाळका पाला मिसळतात असं त्याने सांगितलं. तुळस छान आहे. फक्त चाळणी नीट मारा रे, मला अख्खं तमालपत्र आणि स्टीलचा चमचा सापडला.

खरकट्याचा बायोगॅस का नाही करत विचारलं, कारण आरती (ARTI) या पुण्यातल्या संस्थेने केलेल्या, खरकट्यावर चालणाऱ्या बायोगॅसला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला होता, तो इथलाच. तर मेसमागे जागा नाही म्हणाला. पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच, खरकट्याच्या ड्रमखाली यांनी वजनकाटा ठेवलाय आणि रोजचे किलो फळ्यावर लिहितात. तेव्हापासून पोरं ताटात कमी टाकतात आणि आता यांनाच खताला माल कमी पडतो 😄

बाटली परत घेणार, दोन. चमचा धुऊन ठेवलाय, घेऊन जा.