खारं पाणी गोडं करणारं मशीन घेऊ नका, माझे साडेअठरा हजार गेले

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पक्क्या खारपाणपट्ट्यात. चार म्हशी, पाच वगारी (म्हशीची लहान मादी पिल्लं). बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही म्हणून ढोरांना शेततळ्यातलं गोडं पाणी मिसळून द्यायचो, आणि बरं चाललं होतं.

फेब्रुवारीत एक जण आला, पाईपवर बसवायचं चुंबकाचं मशीन घेऊन. म्हणे यानं पाण्यातलं मीठ तुटतं, दूध २ लिटरनं वाढतं. टीडीएस मीटर (लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा) लावून दाखवला, बोअरचं पाणी ५,४०० आणि मशीनमधलं ३८०. ते दुसरं पाणी त्यानं स्वतःच्या बाटलीतून ओतलं होतं, "कालच्या साईटवरचं आहे" म्हणाला आणि मी मान डोलावली. १८,५०० रोख दिले, पावती साध्या कागदावर.

पैसे गेले ते गेले, पण मशीनच्या भरवशावर मी शेततळ्याचं पाणी बंद केलं ना, ते फार महागात पडलं. आधी म्हशी हौदात तोंड घालून मागं फिरायच्या, मग ऊन वाढलं तसं नाइलाजानं प्यायला लागल्या, शेण पातळ, चारा अर्धा तसाच, दूध रोज थोडं थोडं कमी. वगारींचे केस राठ झाले, दोन महिने अंगच धरलं नाही. मी जंताचं औषध देत बसलो.

डॉक्टरांनी आल्या आल्या पाणी कुठलं विचारलं. ५,००० च्या वर गेलेलं पाणी गाभण, दुभत्या आणि लहान जनावरांना देऊच नये म्हणाले, ७,००० च्या वर तर मोठ्यांनाही धोका, कोंबड्यांना ३,००० लाच त्रास सुरू होतो. मग मी स्वतःचा मीटर आणला. मशीननंतरच्या नळाला ५,४००, जसंच्या तसं! आणि हौदात ६,६००, कारण उन्हानं पाणी उडतं, मीठ खालीच राहतं, वरून आपण परत खारंच भरतो. त्यात मी ढोरांना चाटायला मिठाची वीटही टांगलेली, आणि चारा सगळा वाळका कडबा, म्हणजे पाणी अजूनच जास्त पोटात.

चुंबकानं मीठ निघत नाही हो. सॉफ्टनरनंही (जड पाणी मऊ करणारं यंत्र) नाही, तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो. आरओनं निघतं, पण त्याचं फेकायचं पाणी आणखी खारं असतं, ते ढोरांच्या हौदात सोडू नका.

आता परत शेततळ्याचं पाणी देतोय, हौद रोज रिकामा करून भरतो, वीट काढली. शेण बांधून यायला लागलंय, दूध अजून पहिल्यासारखं नाही. त्या माणसाचा फोन बंद आहे. तुमच्याकडे असं मशीन घेऊन कुणी आलं तर त्याच्या बाटलीतलं पाणी बघू नका, मशीन जोडायला लावा, अर्धा तास नळ चालू ठेवा आणि आपल्या भांड्यात, आपल्या मीटरनं मोजा.