चालता चालता बंद पडणारी जुनी गाडी आणि ईएलएम 327 ब्लूटूथ स्कॅनर

गाडीच्या सॉकेटला लावला की इंजिनची माहिती मोबाइलवर दाखवणारा, हजाराच्या आत मिळणारा हा छोटा स्कॅनर पेट्रोल गाडीचं बंद पडणं शोधायला घ्यावा का? जरूर घ्यावा, पण फक्त कोड (गाडीने नोंदवलेले बिघाडाचे नंबर) वाचायला नको. जुन्या गाड्या बऱ्याचदा चेक इंजिनचा दिवा न लागताच बंद पडतात. तेव्हा कोडचं पान कोरं दिसतं आणि लोक स्कॅनरला बेकार ठरवतात. याची खरी किंमत लाइव्ह डेटात, म्हणजे इंजिन चालू असताना दिसणाऱ्या सेन्सरच्या आकड्यांत, वसूल होते.

आधी तो तुमच्या गाडीशी बोलेल का ते बघा. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः नोंदवायची व्यवस्था. भारतात ओबीडी-1 एप्रिल 2010 पासून आणि ओबीडी-2 एप्रिल 2013 पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत स्टिअरिंगखाली 16 पिनांचं सॉकेट असलं तरी आतला ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलत असू शकतो. मग स्कॅनरचा दिवा लागतो, पण जोडणी होत नाही. जुन्या मारुतीत हे सर्रास होतं. तिथे डायग्नोसिसचं टर्मिनल वायरने अर्थला (गाडीच्या बॉडीला) जोडून चेक इंजिनच्या दिव्याच्या मिचकावण्या मोजणं हाच मार्ग. एक मिचकावणी, विराम, मग दोन, म्हणजे 12: सगळं ठीक. टर्मिनल कुठलं ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच वायर लावा.

खोक्यावर ‘व्हर्जन 1.5’ लिहिलेलं असलं तर तो नक्कल माल समजा. मूळ कंपनीने 1.5 कधी काढलंच नाही. नक्कल असूनही काही चांगले चालतात, पण जुनी के-लाइन (जुन्या गाड्यांची ईसीयूशी बोलायची एकेरी तार) न वाचणारेही त्यात पुष्कळ. परत करायची सोय असेल तिथूनच घ्या. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफाय किंवा बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) लागतो.

के-लाइन मुळातच संथ असते. अॅपमध्ये वीस मीटर मांडले तर प्रत्येक आकडा काही सेकंद शिळा मिळतो. फक्त आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), मॅप (इंजिनच्या इनटेकमधला हवेचा दाब), कूलंटचं तापमान आणि व्होल्टेज ठेवा आणि रेकॉर्डिंग चालू करून गाडी फिरवा. गाडी चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जातं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं, त्यामुळे रस्ता मोकळाच निवडा.

गाडी गिअरमध्ये धावत असताना इंजिन मेलं, तरी क्लच दाबेपर्यंत चाकं त्याला फिरवत असतात. त्या क्षणी रेकॉर्डिंगमध्ये आरपीएम सरळ शून्यावर पडला असेल, तर ईसीयूला क्रँक सेन्सरचा (इंजिनचे फेरे मोजणारा) सिग्नल मिळत नाहीये. खराब सेन्सर गरम झाला की त्याचा सिग्नल तुटतो, वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालतो. या सेन्सरचा पी 0335 कोड कधी पडतो, कधी नाही. आरपीएम हळूहळू उतरत गेला, गाडीने गचके खाल्ले, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा स्पार्क जातोय. आणि स्कॅनरचा दिवा चालू असताना ईसीयूशी जोडणीच तुटली, तर ईसीयूचा करंट गेला: मेन रिले, इग्निशन स्विच किंवा अर्थ. स्कॅनरला 16 नंबरच्या पिनवरून थेट बॅटरी मिळते, म्हणून तो जागा राहतो. एवढा फरक कळला तरी अंदाजाने पार्ट बदलत बसायची पाळी येत नाही.

मॅप सेन्सर तपासायला चावी ऑन करा, इंजिन नको. आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा हवा: मुंबईत 100 किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात 95 च्या. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला साधारण 30 ते 40. त्याहून बराच वर राहिला तर फाटलेली व्हॅक्यूम नळी किंवा गास्केट शोधा. कूलंट उणे 40 दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटली किंवा कनेक्टर निसटलाय. इंजिन चालू असताना व्होल्टेज 13.8 ते 14.4 हवं.

फ्युएल ट्रिमवर (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) मात्र डोळे झाकून भरवसा ठेवू नका. मॅप सेन्सरच्या गाडीत गळकी हवाही दाबातूनच मोजली जाते, त्यामुळे ट्रिम जागेवर दिसतो आणि आयडलिंग चढतं.

काही गोष्टी स्कॅनरला दिसतच नाहीत. सिग्नलला थांबताना बंद पडणारी गाडी बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीतल्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) काजळीची असते. आतल्या फिरत्या गोल झडपेच्या, म्हणजे फुलपाखराच्या, कडेला काळी चिकट रेघ दिसते. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन ती पुसा, आयडलिंगची हवा सांभाळणारा आयडल व्हॉल्व्हही साफ करा. पेट्रोलच्या दाबासाठी गेजच लागतं. बऱ्याच एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत तो 2.5 ते 3 बार असतो, नेमका आकडा मॅन्युअलचा धरा. रिलेचा संशय असेल तर कव्हर काढून पायांजवळचं सोल्डरिंग बघा: सोल्डरच्या टाक्याभोवती केसाएवढी गोल चीर दिसली की दोष तिथेच. गाडी बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडताना हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि मग गाडी चालू झाली, तर झाकणाचा व्हेंट (हवेचं छिद्र) बुजलाय, झाकण बदला.

काम झालं की स्कॅनर सॉकेटमधून काढून ठेवा. लावून ठेवला तर तो उभ्या गाडीतही करंट ओढत राहतो, आणि जुनी बॅटरी काही दिवसांत बसते.