एम.एस.डब्ल्यू. कुठून करावे : देवनार, जवळचे महाविद्यालय की इग्नू

पदवीच्या शेवटच्या वर्षाचे निकाल लागण्याच्या सुमारास आमच्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात दरवर्षी दोन-तीन मुले-मुली एकच प्रश्न घेऊन येतात. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी (एम.एस.डब्ल्यू.) घ्यायची आहे; ‘टाटा’साठी, म्हणजे मुंबईत देवनारला असलेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसाठी, प्रयत्न करावा, इथल्याच महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, की नोकरी सांभाळून इग्नूमधून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून दूरस्थ पद्धतीने, करावे? या तिन्ही वाटांनी आलेल्या विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या संस्थेत जाऊन केलेले प्रत्यक्ष काम, मी काही वर्षे संस्थेच्या बाजूने पाहत आले आहे, म्हणून माझे मत आधीच सांगते. तुलना करायचीच असेल तर ती क्षेत्रकार्याची करावी. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती हे विषय थोड्याफार फरकाने सगळीकडे आहेत. फरक पडतो तो आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी कुठे जातो आणि त्याने लिहिलेला अहवाल कोण वाचतो, यामुळे.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या पत्नीशी अर्धा तास बोलून अहवालात एवढेच लिहिले होते : ‘कुटुंबास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती दिली.’ तिच्या महाविद्यालयातील मार्गदर्शिकेने त्या ओळीखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले, ‘मग त्या काय म्हणाल्या?’ पुढच्या आठवड्यात विद्यार्थिनी पुन्हा त्या बाईंजवळ जाऊन बसली, तेव्हा कळले की घर वेगळे होऊन नऊ वर्षे झाली तरी या कुटुंबाची नावे सासऱ्यांच्याच रेशनकार्डावर आहेत, आणि भावकीतल्या भांडणामुळे ते कार्ड मागायला त्या दाराशी जायची बाईंची हिंमत होत नाही. योजनेची माहिती त्यांना आधीपासूनच होती. काम अडले होते ते दुसऱ्याच उंबऱ्यावर. त्याच वर्षी दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याची वही माझ्याकडे सहीसाठी आली, तर तिच्यात चौदा अहवालांवर एकाच तारखेच्या, एकाच पेनाने केलेल्या सह्या होत्या आणि शेरा एकही नव्हता. दोघांच्याही हाती शेवटी एम.एस.डब्ल्यू.चेच प्रमाणपत्र आले.

आता देवनार. १९३६ साली मुंबईच्या नागपाड्यातील वस्तीकार्यातून क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी मिशनऱ्याच्या पुढाकाराने आणि टाटांच्या न्यासाच्या पैशातून सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय उभे राहिले. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाले आणि १९६४ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या संस्थेचे खरे वैभव, माझ्या मते, तिच्या इमारतीत किंवा नावात नसून तिने उभ्या केलेल्या क्षेत्रकृती प्रकल्पांत आहे. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू झालेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, १९९० पासून कैदी व सुटून आलेल्यांसाठी चालणारे ‘प्रयास’, आणि १९९६ मध्ये इथेच जन्मलेली १०९८ ही मुलांसाठीची दूरध्वनी मदतवाहिनी ‘चाइल्डलाइन’ ही त्यांतील ठळक नावे. पोलीस ठाण्यात बसून मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईशी प्रशिक्षित समाजकार्यकर्तीने बोलावे, ही कल्पना महाराष्ट्रात रुजली ती अशा कामातून. अशा ठिकाणी क्षेत्रकार्य मिळालेला विद्यार्थी कायदा, पोलीस आणि कुटुंब यांच्यामध्ये उभे राहायला पहिल्याच वर्षी शिकतो, आणि हा लाभ दुसरीकडे सहसा मिळत नाही.

तरीही देवनारची वाट सर्वांसाठी नाही. प्रवेश केंद्रीय सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतो आणि तिचे अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात. त्यामुळे निकालानंतर चौकशीला येणाऱ्याची त्या वर्षाची संधी बहुधा गेलेली असते. (दर वर्षी निदान एकाला तरी हे सांगावे लागते आणि दर वर्षी त्याचा चेहरा पाहवत नाही.) शिकवणे, वाचन आणि लेखन इंग्रजीत चालते. शुल्कापेक्षाही मुंबईत राहण्या-जेवण्याचा खर्च जड जातो. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी संप केला तोही शिष्यवृत्तीधारक मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शुल्क, वसतिगृह व खानावळीच्या सवलतींवरूनच. शिवाय जून २०२४ मध्ये शंभरहून अधिक कंत्राटी प्राध्यापक व कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा निघाल्या आणि लगेच मागेही घेतल्या गेल्या. म्हणून आपल्याला हव्या त्या विशेषीकरणात कायम प्राध्यापक किती आहेत, ही चौकशी इथेही करावी. पदवीचे नाव एम.ए. (समाजकार्य) असे असते. सरकारी जाहिरातीत ‘एम.एस.डब्ल्यू. किंवा समकक्ष’ असे शब्द आहेत का, हे अर्ज करताना नीट पाहावे. ज्याला ग्रामीण कामच करायचे आहे, त्याने देवनारऐवजी याच संस्थेच्या तुळजापूर परिसराचा विचार करावा.

दुसरी वाट विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांची, आणि तिच्याविषयी विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण महाराष्ट्रातील बहुसंख्य समाजकार्यकर्ते इथेच घडतात. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ चे, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची. नागपुरात मातृसेवा संघाचे आणि तिरपुडे यांचे महाविद्यालय, कोल्हापुरात ‘सायबर’ ही संस्था. ही नावे आपापल्या भागात इतकी मुरलेली आहेत, की जिल्ह्यातील रुग्णालय, बालगृह, कारखाना किंवा संस्था यांच्या कार्यालयात शिरले तर तिथे बसलेली व्यक्ती बहुधा त्याच महाविद्यालयाची माजी विद्यार्थी निघते. क्षेत्रकार्यासाठी जागा मिळवताना आणि पुढे पहिली नोकरी शोधताना या ओळखीचा जो उपयोग होतो, तो कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. खर्च आवाक्यात राहतो, घरून ये-जा करता येते, महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून शिष्यवृत्ती मिळते आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार या अर्थसाहाय्य योजनेचा आधार घेता येतो. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अनेक ठिकाणी उत्तरपत्रिका आणि अहवाल मराठीत लिहिता येतात.

भाषेचा हा मुद्दा लोक सोयीचा समजतात. मला तो प्रशिक्षणाचा वाटतो. ‘आता तुम्हीच काय ते बघा, ताई’ असे म्हणून गप्प झालेल्या माणसाचे वाक्य इंग्रजी अहवालात ‘अशिलाने सहकार्य दर्शविले’ अशा अर्थाचे होऊन बसते, आणि त्या वाक्यातील थकवा, विश्वास, थोडासा रागही, सगळे गळून जाते. मराठीत लिहिणारा विद्यार्थी ते वाक्य जसेच्या तसे उतरवू शकतो आणि मार्गदर्शकाला त्यावर बोलता येते. याची दुसरी बाजूही खरी आहे. मोठ्या संस्था, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक दायित्व) विभाग आणि परदेशी निधी देणारे यांचे सर्व कागद इंग्रजीत असतात, आणि दोन वर्षांत एकही इंग्रजी प्रस्ताव न लिहिलेला विद्यार्थी तिथल्या मुलाखतीत अडखळतो. मराठीतून शिकणाऱ्याने निदान प्रबंधाचा सारांश आणि एक प्रकल्प-प्रस्ताव इंग्रजीत लिहून कोणाकडून तरी तपासून घ्यावा. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात हा अभ्यासक्रम हिंदीतून होतो. विदर्भातील विद्यार्थ्यांना तोही पर्याय आहे.

या महाविद्यालयांचे दुखणे म्हणजे रिक्त पदे. राज्यातील अनुदानित समाजकार्य महाविद्यालये उच्च शिक्षण विभागाकडे नसून सामाजिक न्याय विभागाकडे आहेत, आणि अनेक ठिकाणी शिकवण्याचा गाडा तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर चालतो. तासाला पैसे मिळणारा शिक्षक वर्गात उत्तम शिकवीलही. परंतु वीस मुलांच्या वह्या वाचण्याचे, संस्थेला भेट देण्याचे आणि दर आठवड्याला एकेकाला अर्धा तास समोर बसवून बोलण्याचे पैसे त्याला कोण देणार? चौदा सह्यांच्या त्या वहीमागे आळसापेक्षा हेच कारण असावे, असे मला वाटते.

इग्नूची वाट कोणासाठी आहे, हे स्पष्ट असले की तिच्याविषयी फारसा संभ्रम राहत नाही. अभ्यासक्रम किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पूर्ण करता येतो, माध्यम इंग्रजी किंवा हिंदी आहे, मराठी नाही, आणि क्षेत्रकार्य इथेही चुकत नाही. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. मात्र २०२५ मध्ये मानसशास्त्रासारखे काही विषय दूरस्थ पद्धतीतून वगळले गेले, त्यामुळे ज्या सत्रात प्रवेश घ्यायचा त्या सत्राची मान्यतायादी आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावी. आमच्याकडे इग्नूतून आलेली एक अंगणवाडी पर्यवेक्षिका होती, वय चाळिशीच्या पुढे. घरभेटीत कुठे बसावे, पाणी कधी मागावे आणि सासू खोलीत असताना सुनेला काय विचारू नये, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. तिला हवी होती ती आपल्याच कामाकडे लांबून पाहण्याची शिस्त, आणि ती तिला अभ्याससाहित्यातून मिळाली. उलट, पदवीनंतर लगेच आलेला, कामाचा अनुभव नसलेला तरुण याच वाटेने एकटा पडतो, कारण सहाध्यायी नाहीत, ग्रामीण शिबिर नाही, आणि चुकले तर त्याच संध्याकाळी जाऊन विचारावे असे कोणी नाही. बाविसाव्या वर्षी केवळ स्वस्त पडते म्हणून ही वाट धरू नये, असे मी स्पष्टच सांगते.

नोकरीचे म्हणाल, तर तीन वाटांपेक्षा विशेषीकरणाने अधिक फरक पडतो. १९४६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात देशातील पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. त्याच परंपरेतील समाजसेवा अधीक्षक हे पद सरकारी रुग्णालयांत आजही आहे. जागा थोड्या निघतात, पण निघतात. मनोविकार क्षेत्रात जायचे असेल, तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार ‘मनोविकार समाजकार्यकर्ता’ म्हणवून घेण्यास एम.एस.डब्ल्यू. पुरेसे नाही, त्यानंतर मनोविकार समाजकार्यातील दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. लागते, आणि हे अनेकांना प्रवेशानंतर कळते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी बंधनकारक केला, आणि तेव्हापासून मानव संसाधन हे विशेषीकरण सर्वांत लवकर पगार देणारे ठरले. फक्त ज्याला माणसांपेक्षा हजेरीपटाचा कंटाळा अधिक येतो, त्याने ते घेऊ नये. स्वयंसेवी संस्थांत परदेशी निधीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, त्यामुळे तिथल्या नेमणुका प्रकल्पापुरत्या आणि कराराच्याच असतात असे धरून चालावे. प्राध्यापक व्हायचे असेल, तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागतेच, पदवी कुठलीही असो.

तेव्हा इंग्रजी बरे आहे, घरची ओढाताण दोन वर्षे सोसण्याजोगी आहे आणि राज्याबाहेर किंवा धोरणाच्या कामात जायचे आहे, अशा विद्यार्थ्याने हिवाळ्यातच अर्ज भरून देवनारसाठी जीव तोडून तयारी करावी. ज्याला आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच भाषेत काम करायचे आहे, त्याने जवळचे जुने महाविद्यालय निवडण्यात काहीही कमीपणा मानू नये. उलट देवनारहून आलेल्या काही हुशार मुलांना आमच्या बाह्यरुग्ण विभागातील आजीची वऱ्हाडी समजून घ्यायलाच महिना लागलेला मी पाहिला आहे. ज्याची नोकरी आधीपासून याच क्षेत्रात आहे, त्याने ती सोडू नये आणि इग्नूचा अर्ज करावा.

जवळच्या महाविद्यालयांतून एक ठरवायचे असेल, तर माहितीपत्रक घेण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये गाठून चहा पाजावा आणि त्याची क्षेत्रकार्याची वही पाहायला मागावी. नावे-गावे झाकूनच दाखवायला सांगावे. आपल्याला मजकूर वाचायचा नाही. समासात कोणाचे अक्षर आहे, प्रश्न विचारले आहेत की नुसत्या सह्या आहेत, आणि शेवटच्या शेऱ्याची तारीख कोणती आहे, एवढे पाहून मग प्रवेश शुल्क भरावे.