यामाहा एक्सटी ५००: किक आणि ऑइल कळलं की गाडी कळली

४९९ सीसी, एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, दोन व्हॉल्व्ह, पाच गिअर. सेल्फ नाही, व्हायब्रेशन कमी करणारा बॅलन्सर नाही. १९७६ च्या मॉडेलपासून विकल्या गेलेल्या या गाडीत काढून टाकण्यासारखं फारसं काही उरलेलंच नाही. पॅरिस-डाकार रॅलीची पहिली दोन वर्षं, १९७९ आणि १९८०, फ्रेंच रायडर सिरिल नव्हो याच गाडीवर जिंकला. ताकद जेमतेम तीसेक अश्वशक्तीची आहे, पण ८७ मिमी बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि ८४ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची धाव) हे इंजिन कमी आरपीएमलाही दमदार ओढतं. चिखलात आणि वाळूत तेच कामाला येतं.

किक अवघड म्हणून ही गाडी बदनाम झाली. खरं तर किकला जोर कमी आणि क्रम जास्त लागतो. इंजिनच्या माथ्याला, म्हणजे हेडच्या उजव्या बाजूला, काचेची छोटी खिडकी आहे. सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशन लिव्हर ओढून धरायचा आणि खिडकीत खूण दिसेपर्यंत किक हळूहळू दाबायची. खूण दिसली म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावरून जरासा पुढे सरकला. आता लिव्हर सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता एकाच दमात तळापर्यंत मारायची. खूण न बघता मारली तर पिस्टन टोकाच्या अलीकडेच असतो, तिथेच ठिणगी पडते आणि किक उलटी येऊन घोट्यावर बसते. खूण बघूनही उलटी येत असेल तर ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचा गॅप आणि टायमिंग तपासा.

या गाडीची खरी कारागिरी ऑइलच्या व्यवस्थेत आहे. ऑइल इंजिनच्या तळाशी न साठवता फ्रेमच्या नळीत ठेवलंय. त्यामुळे इंजिनची उंची कमी झाली, खाली दगडांसाठी जागा मिळाली आणि वेगळी टाकीही वाचली. पण फसगतही इथेच होते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की फ्रेममधलं ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागात उतरतं. थंड गाडीची डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) कोरडी दिसते, माणूस अर्धा लिटर ओततो आणि इंजिन तापलं की जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरमध्ये जातं. म्हणून आधी काही मिनिटं चालवा, बंद करा आणि मगच लेव्हल बघा.

ऑइल बदलताना फ्रेमची नळी, क्रँककेस आणि फिल्टरचं घर, तिन्ही रिकामी करावी लागतात. फ्रेमच्या तळाची जाळी विसरू नका. भरून झाल्यावर हेडकडे जाणाऱ्या बारीक पाइपचा बोल्ट किंचित ढिला करून इंजिन आयडलवर ठेवा. मिनिटभरात तिथून ऑइल पाझरलं नाही तर लगेच बंद करा, नाहीतर व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि रॉकर कोरडे घासले जातील.

सहा व्होल्टचा हेडलाइट आयडलवर मिणमिणतो, आणि ड्रम ब्रेक आजच्या रहदारीला पुरत नाहीत. बॅलन्सर नसल्यामुळे व्हायब्रेशनने नट ढिले पडतात. सायलेन्सरचे आणि इंजिन माउंटिंगचे बोल्ट दर सर्व्हिसिंगला पान्याने तपासा.

जुनी घेणार असाल तर आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. आतून ऑइलने माखलेला असेल तर आधीच्या मालकाने डिपस्टिक थंड गाडीवर बघितली असण्याची शक्यता दाट. मग किकच्या दांड्याला धरून हलवून बघा. शाफ्टवर खेळ असेल तर दाते झिजलेत.