नवीन फर्मवेअर टाकलं आणि ट्रंक झोपला: २४ पोर्टच्या मॅनेज्ड स्विचचा अनुभव

दीड वर्ष झालं हा स्विच (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारा डबा, मॅनेज्ड म्हणजे ज्याचं सेटिंग आपल्याला बदलता येतं) वापरतोय आणि मागच्या महिन्यापर्यंत कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घे म्हणालो असतो. फॅन नाही म्हणून आवाज नाही, फारसा तापत नाही, एकदा लावला की विसरून जायचं. मग मला नवीन फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर, टाकायची बुद्धी सुचली.

रिबूट झाला, लाइट सगळे हिरवे, स्विचला पिंग जातोय, लॉगिन होतंय, म्हटलं झालं काम. दहा मिनिटांत फोनावर फोन. व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं) १० आणि २० वर कुणालाच आयपी मिळेना, लॅपटॉपवर ते १६९.२५४ वालं रडगाणं, म्हणजे पत्ता मिळाला नाही की तो स्वतःच लावून घेतो ते. पहिला अर्धा तास मी आयपी वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरच्या मागे लागलो, कारण स्विच तर ठणठणीत दिसत होता ना! गंमत अशी की माझं मॅनेजमेंट व्हीलॅन १ वर आहे आणि ते ट्रंकवरून (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारा पोर्ट) टॅग (डेटा कुठल्या व्हीलॅनचा ते सांगणारी खूण) न लागता जातं, त्यामुळे तेवढंच चालू आणि बाकी सगळं ठप्प.

शेवटी मॅक टेबल, म्हणजे कुठलं मशीन कुठल्या पोर्टवर दिसतंय त्याची यादी, उघडलं. साध्या पोर्टांवर व्हीलॅन २० चे मॅक ॲड्रेस दिसत होते, पण अपलिंकच्या, म्हणजे बाकी नेटवर्ककडे जाणाऱ्या ट्रंकच्या, २४ नंबरवर २० चा एकही नाही, फक्त १ चे. तिथे ट्यूब पेटली. वेब पेजवरच्या तक्त्यात २४ च्या खाली ऐटीत टॅग्डचा 'टी' दिसतोय, आणि कमांड लाइनवर रनिंग कॉन्फिग (प्रत्यक्ष चालू असलेलं सेटिंग) काढलं तर त्या पोर्टच्या अलाउड लिस्टमध्ये (जाऊ द्यायच्या व्हीलॅनच्या यादीत) नुसता १! जुन्या फर्मवेअरमध्ये पोर्ट ट्रंक केला की सगळे व्हीलॅन आपोआप जायचे, नव्यात यादी आपण द्यायची, आणि अपग्रेड करताना जुनं सेटिंग त्याने नव्यात आणलंच नाही. रिलीज नोटमध्ये यावर एक ओळ, 'व्हीलॅन हाताळणीत सुधारणा'. सुधारणा म्हणे.

यादीत १० आणि २० घातले, बाकी सगळं सुरू झालं पण २३ वरचा वायफायचा ॲक्सेस पॉइंट रुसलेलाच. तिथे लिस्ट बरोबर होती, पोर्ट मिरर करून (त्याच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घेऊन) वायरशार्क हे ट्रॅफिक बघायचं सॉफ्टवेअर लावलं तर त्यात टॅगच दिसेना, मग आठवलं की बरेच नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर तो ४ बाइटचा ८०२.१क्यू टॅग आधीच काढून टाकतात. ड्रायव्हरचं सेटिंग बदललं तेव्हा फ्रेम (डेटाचे तुकडे) टॅगसकट येताना दिसल्या, म्हणजे ॲक्सेस पॉइंट बिचारा बरोबर पाठवत होता आणि स्विचच दारातून हाकलत होता, कारण त्या पोर्टचं ॲक्सेप्टेबल फ्रेम टाइप 'फक्त अनटॅग्ड' वर गेलेलं. हे सेटिंग तीन मेनू आत लपवलंय, का ते देव जाणे.

नशीब माझा नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवर टॅग नसलेला डेटा ज्यात धरला जातो तो) दोन्हीकडे १ च आहे, एका टोकाला वेगळा झाला असता तर अनटॅग्ड ट्रॅफिक गुपचूप भलत्याच व्हीलॅनमध्ये शिरलं असतं आणि शोधता शोधता रात्र गेली असती. आणि हो, एवढं सगळं करून मी स्टार्टअपमध्ये (रिबूटनंतर वापरलं जाणारं कॉन्फिग) सेव्ह करायला विसरलो, दुसऱ्या दिवशी लाइट गेली, आली, आणि परत पहिल्यापासून. ती चूक माझी, स्विचची नाही.

चांगलं सांगायचं तर दोन फर्मवेअर इमेज ठेवता येतात, कधीही जुन्यावर परत जाता येतं, फक्त नव्याने लिहिलेलं कॉन्फिग जुन्याला कळत नाही, म्हणून अपग्रेडच्या आधी कॉन्फिगची टेक्स्ट फाइल काढून ठेवा आणि नंतर दोन्ही फाइली शेजारी ठेवून ओळीने ताडून बघा, वेब पेजवर भरवसा नको. आणि लांब बसून तर अजिबात अपग्रेड करू नका, मॅनेजमेंट टॅग्ड व्हीलॅनवर असेल तर स्विच हातातून गेलाच समजा.

हार्डवेअरला ५ पैकी ५, फर्मवेअरला २. सपोर्टला मेल टाकली होती, दोन दिवसांनी उत्तर आलं, फॅक्टरी रिसेट करून बघा.