शिक्षण सप्ताह: जाळ्याच्या तासाला पाच स्टार, बाकीचं खाली लिहिलंय

मुलगी नववीला, शाळा दापोली तालुक्यात, किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर. नाव नाही लिहीत कारण थोडी कुरकुर पण करणारे. नवीन शैक्षणिक धोरणाला चार वर्षं झाली म्हणून २२ ते २८ जुलै २०२४ असा जो शिक्षण सप्ताह सगळीकडे झाला, त्यात तीन दिवस मी स्वतः जाऊन बसलेलो, बाकीचं घरी ऐकलं.

सुरवात यथातथाच. सोमवारचं शैक्षणिक साहित्य म्हणजे आदल्या रात्री आईबापांनी पुठ्ठे कापून केलेलं, उगाच कशाला खोटं बोला. मंगळवारी पायाभूत साक्षरता, आता ती असते तिसरीपर्यंतच्या पोरांसाठी, नववीवाल्यांनी काय करायचं? मग त्यांना शेजारच्या प्राथमिक शाळेत गोष्टी वाचून दाखवायला पाठवलं, ती आयडिया बरी होती. खेळाच्या दिवशी पाऊस असा धरलेला की आट्यापाट्या आखायचा प्रश्नच नव्हता, व्हरांड्यात लंगडी झाली. गुरुवारी जाखडी, म्हणजे आपला कोकणातला नाच, भारी झाली, गणपतीची प्रॅक्टिस वाडीत चालूच असते ना.

पण शुक्रवार! कौशल्य दिवस. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बोटीवरची माणसं घरीच जाळी दुरुस्त करत बसलेली, त्यातल्या एका तांडेल काकांना, म्हणजे बोटीच्या प्रमुखांना, सरांनी बोलावलं. काका आधी लाजले, म्हणाले मी सातवी नापास, मी काय शिकवणार. मग सुई आणि दोरा काढला आणि पुढचा दीड तास कोणी हललं नाही. गाठ कशी मारायची, आस, म्हणजे जाळ्याचं एकेक भोक, सगळीकडे सारखी कशी ठेवायची, आणि मग म्हणाले की जाळ्याची ही तिरपी आस पाण्यात ओढ बसली की लांबट होऊन मिटते, बारकी मासळी आतच अडकते, चौकोनी आस उघडी राहते म्हणून बारकी निसटून जाते, म्हणून बोटीमागून ओढायच्या ट्रॉल जाळ्याच्या शेपटाकडे जिथे मासळी साठते तिथे ४० मिलिमीटरची चौकोनी आस लावायचा नियम आहे. गणिताच्या मॅडम मागे उभ्या होत्या त्या ताडकन पुढे आल्या, फळ्यावर समभुज चौकोन काढला, चारही बाजू तेवढ्याच, कोन बदलला की क्षेत्रफळ गेलं! पोरं बघतच राहिली. आमच्या बाईसाहेब, म्हणजे मुलगी, ज्या भूमितीचं पुस्तक उशीखाली पण ठेवत नाहीत, त्या घरी येऊन चार आईस्क्रीमच्या काड्या टाचण्यांनी जोडून मला हेच दाखवत होत्या.

शनिवारी आईच्या नावाने झाड. आणलं काय तर नर्सरीतून गुलमोहर. अहो, जुलैत प्रत्येक रातांब्याखाली (कोकमाचं झाड), फणसाखाली पोटभर रोपं उगवलेली असतात, ती उपटून लावायची सोडून गुलमोहर? आणि आई कुठे होत्या तर लावणीला, कंबरेत वाकून चिखलात. निम्म्या पोरांनी एकट्यानेच रोप लावून फोटो काढला. लोकसहभागाच्या दिवशी पण तेच, तो आला रविवारी, मच्छीमार पालक झाडून हजर आणि शेतकरी पालक हाताच्या बोटावर मोजण्याइतके. वरून एकच तारीख येते हे कळतं, पण सकाळऐवजी संध्याकाळी ठेवलं असतं तर?

त्या दिवशीचं जेवण मात्र एक नंबर. टाकळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याची आमटी, उकडा भात, सगळं गावातून गोळा झालेलं. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच, त्यामुळे नववी-दहावीची पोरं एरवी डबा घेऊन बाजूला बसतात, त्या दिवशी सगळी एका पंगतीत. मुलीने तीनदा आमटी घेतली.

एक तक्रार राहिलीच. दिवसाचा अहवाल आणि फोटो लिंकवर टाकायचे, आणि शाळेत रेंज म्हणजे एका खिडकीत उभं राहिलं तर दोन काड्या. जाळ्याचा तास रंगात आलेला आणि सर बिचारे बॅनर दिसेल असं "इकडे बघा, इकडे बघा" करतायत. काका तर चिडलेच.

पाचापैकी साडेतीन देतो, शुक्रवार नसता तर दोनच होते. काकांची सुई अजून आमच्याकडे आहे, १ ऑगस्टच्या आत नेऊन द्यायचीय.